लाल ठिपक्याची पुंगळी

१

मास्तर मेलेले सापडले ते नेमबाजीच्या रेंजवर, चौथ्या लेनमध्ये, सकाळी साडेसहाला. आणि सापडले त्यांच्याच लेकीला.

खुर्चीवर बसलेले, डोकं समोरच्या टेबलावर टेकलेलं, उजव्या कानशिलात पेन्सिल जाईल एवढं भोक, आणि उजव्या हाताच्या बोटांत त्यांचं ते जुनं पिस्तुल. उभ्या आयुष्यात मास्तर रेंजवर कधी खुर्चीवर बसले नव्हते. दुसरा कुणी बसला तर "लग्नाला आलायस का रे?" म्हणून त्याला उठवायचे.

लेकीला सगळे सुई म्हणत. अंगानं तशीच होती, नेमानंही तशीच. त्या सकाळी घरात चहा तयार नव्हता आणि आईच्या खोलीचं दार बंद होतं, म्हणून ती तशीच उपाशीपोटी सरावाला आली होती. बापाला पाहून ती किंचाळली नाही. बापानंच लहानपणापासून शिकवलं होतं ते आधी केलं: पिस्तुलाच्या नळीचं तोंड कुणाकडे आहे ते पाहिलं. मग काकाला फोन लावला.

आदल्या दिवशी याच लेनमध्ये तमाशा झाला होता. नव्या शिकाऊ नेमबाजांना कोणत्या पिस्तुलावर शिकवायचं यावरून क्लबात वर्षभर वाद पेटला होता. मास्तरांचं पिस्तुल चाळीस वर्षांपूर्वीचं, सगळं पोलादी, अक्रोडाच्या मुठीचं. सुईचं नवं, हलकं, जिकडेतिकडे फिरवायचे स्क्रू असलेलं. दोन्हीत काडतूस तेच, करंगळीच्या नखाएवढ्या गोळीचं, पॉइंट टू-टू. मास्तर म्हणत, "नवी पिस्तुलं म्हणजे पांगुळगाडे. धरणारा कुणीही चालतो." शेवटी क्लबचा सचिव, म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, म्हणाला, "दादा, एकदा होऊनच जाऊ दे. तू जुन्यावर, पोरगी नव्यावर. काडतुसं एकाच खोक्यातली. तीस-तीस गोळ्या."

आधी मिस्त्रीनं दोन्ही पिस्तुलांच्या चापांना एक किलोचं वजन लटकवून पाहिलं. नियमच तसा. किलोभर वजन न पेलता जो चाप सुटतो तो फार हलका, आणि ते पिस्तुल स्पर्धेतून बाद. दोन्ही चापांनी वजन पेललं.

तीनशेपैकी सुईचे दोनशे एक्क्याण्णव झाले. मास्तरांचे दोनशे चौऱ्याऐंशी. त्यात जुनं पिस्तुल दोनदा अडकलं. चाळीस माणसांसमोर मास्तर मिस्त्रीला म्हणाले, "तीस वर्षं हत्यारं घासून तुझे हात गंजलेत. उद्यापासून या दारात दिसू नकोस." आणि मग लेकीकडे वळले. "पिस्तुल जिंकलं. तू नाहीस. दोनशे त्र्याण्णव मार, मग मान वर करून बोल."

दोनशे त्र्याण्णव हा त्या घरातला चाबूक होता. रेंजच्या भिंतीवर सव्वीस वर्षांपूर्वीचं एक टार्गेट काचेत लावलेलं होतं, खाली मास्तरांचं नाव आणि हा आकडा. क्लबात पुन्हा कुणी तिथवर पोचलं नव्हतं. शाळेत पहिला नंबर आला तरी सुईला विचारलं जायचं, "दोनशे त्र्याण्णव नाहीत ना?"

सुईची एक सवय होती. शेवटच्या काडतुसाच्या बुडावर ती नखांच्या रंगाचा लाल ठिपका द्यायची आणि झाडून झाल्यावर त्याची रिकामी पुंगळी खिशात टाकायची. त्या दिवशीची शेवटची गोळी दहा गुणांची लागली होती. संध्याकाळी घरी तिनं ती पुंगळी चहाच्या ट्रेमध्ये टाकली. काका तिथं होता, हातापाया पडायला आलेला मिस्त्री होता, आई होती. काका बोलता बोलता ती पुंगळी टेबलावर गडगडवत बसला होता. मास्तर उठले, मिस्त्रीला हाकललं, ट्रे ढकलला, आणि मग त्या पुंगळीचं काय झालं ते कुणी पाहिलं नाही.

आई सात वाजता रेंजवर आली. नवऱ्याकडे तिनं एकदाच पाहिलं. मग लेकीसमोर येऊन उभी राहिली.

"जिंकलीस ना? हे घे तुझं बक्षीस."

काकासुद्धा चपापला. "वहिनी, अहो..."

"का? खोटं आहे का?"

सगळ्यांच्या मनात तेच होतं. तेवढ्यात फौजदार बाई आल्या. बुटक्या, सर्दी झालेल्या, हातात रुमालाचा बोळा. त्यांनी पिस्तुल बराच वेळ न्याहाळलं आणि मिस्त्रीला खुणेनं बोलावलं.

"मिस्त्री, गोळी झाडल्यावर हे असंच दिसतं?"

मिस्त्री वाकला. त्याचा चेहरा उतरला.

"नाही बाई. घोडा मागं ताणलेला राहतो. हा तर खाली उतरवलाय."

"कुणी?" बाईंनी नाक पुसलं. "मेलेल्यानं?"

२

फौजदार बाईंनी रेंजच्या ऑफिसात बस्तान मांडलं. सगळ्यात आधी सुईला आत घेतलं आणि दार लावलं.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या. "वर्षातून पाच गोळ्या झाडते, दोन भिंतीला लागतात. लहान पोराला सांगतेस तसं सांग. झाडल्यावर काय होतं?"

"वरची सरकती स्लाइड मागं जाते, पुंगळी बाहेर उडते, पिनवर आपटणारा घोडा ताणला जातो. पुढचं काडतूस असेल तर ते आत सरकतं. नसेल तर स्लाइड रिकामीच बंद होते. नवं पिस्तुल शेवटच्या गोळीनंतर उघडं राहतं, जुनं राहत नाही."

"काडतूस एकच भरलेलं होतं. त्याची पुंगळी जमिनीवर मिळाली. काल संध्याकाळी झाडलोट झालेली, त्यामुळे दुसरी एकही नव्हती. म्हणजे घोडा ताणलेला आणि आत काही नाही, असं पिस्तुल मिळायला हवं होतं. बरोबर? पण घोडा खाली आहे. आणि आत, काडतूस बसतं त्या जागी, ही होती." त्यांनी कागदाची एक घडी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. "एक रिकामी पुंगळी. कुणी कशाला घालेल?"

सुईला ते उत्तर झोपेतही देता आलं असतं. "ह्या काडतुसाची पेटायची दारू बुडाच्या कडेत असते. पिन मध्यावर नाही, कडेवर आपटते. जुन्या पिस्तुलात काही न घालता चाप दाबला तर पिन थेट पोलादाच्या काठावर बसते आणि काठ चेपतो. चार वेळा तसं केलं की पिस्तुल भंगारात. म्हणून जुनी माणसं आत रिकामी पुंगळी घालून मगच चाप दाबून घोडा उतरवतात. आणि ताणलेल्या घोड्यानं पिस्तुल खाली ठेवायचं नाही, हा तर पहिलाच धडा."

"तू घालतेस?"

"माझ्या पिस्तुलाची पिन काठापर्यंत जातच नाही. मी दिवसातून दोनशे वेळा रिकामा चाप दाबते."

"आणि वडिलांचं?"

"हात लावलास तर हात तोडीन म्हणायचे. कधीच लावला नाही."

बाईंनी बोटांवर मोजायला घेतलं. "मग झालं काय, तर मास्तरांना गोळी लागली. त्यानंतर कुणीतरी स्लाइड उघडली, रिकामी पुंगळी घातली, घोडा उतरवला, आणि मग पिस्तुल त्यांच्या हातात दिलं. माणूस मारला, पण पिस्तुलाचा काठ चेपू दिला नाही. अशी माया मी पाहिली नाही हो कधी."

सुईच्या छातीवरचा धोंडा उतरला. बापानं जीव दिला नव्हता. तिच्या सात गुणांनी कुणी मेलं नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी, बापाचा खून झाला म्हणून आपल्याला हायसं वाटलं, याची तिला शिसारी आली.

"इतक्यात सुटकेचा श्वास सोडू नकोस," बाई म्हणाल्या आणि कागदाची घडी उलगडली. "ह्या पुंगळीच्या कडेवर दोन घाव आहेत. एक नखासारखा रुंद, जमिनीवर मिळालेल्या पुंगळीवर आहे तसाच. तो जुन्या पिस्तुलाचा. दुसरा बारीक रेघेसारखा. काल नव्या पिस्तुलातून निघालेल्या सगळ्या पुंगळ्यांवर तसाच आहे. म्हणजे ही आधी तुझ्या पिस्तुलात झाडली गेली."

त्यांनी पुंगळी उलटी करून सुईच्या तळहातावर ठेवली.

बुडावर लाल ठिपका होता.

"हे कुणाला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "आईलाही नाही. आणि आता मला सांग, ही काल रात्री कुणाकुणाच्या हाताशी होती?"

३

सुई बाहेर बाकावर बसली. बाईंनी ऑफिसचं दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. विसरून ठेवलं होतं की काय, देव जाणे.

काकाचा आवाज आधी आला. "दादा गेला, वाईट झालं. पण खोटं कशाला बोलू? रेंजनं आज मोकळा श्वास घेतलाय."

"पहाटे कुठं होतात?"

"बायकोला विचारा. मी घोरत होतो, ती जागी होती."

"नेमबाजी करता?"

"मी जन्मात एकाच गोष्टीवर नेम धरला बाई. सचिवाच्या खुर्चीवर. तो लागला, मग पुन्हा कशाला?"

त्यानंतर मिस्त्री आत गेला. मग बाईंनी विचारलं, "त्यांना मारावंसं वाटलं होतं?"

"रोज वाटायचं. तीस वर्षं. पण रोज वाटतं ते माणूस करत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, ते करतो."

"पिस्तुलात घालायला तुम्ही काय वापरता?"

"हा गट्टू." खिशातून काहीतरी निघाल्याचा आवाज. "भिंतीत स्क्रू ठोकायला घालतात तो पिवळा प्लास्टिकचा. ह्या पिस्तुलात बेतानं बसतो. पुंगळ्या वेचत बसायचं मी कधीच सोडलंय."

"आणखी एक. मास्तरांची करंगळी ह्या मुठीखाली लोंबकळते. एवढा पंजा, आणि एवढीशी मूठ? कोरली कुणी?"

"मीच."

"चुकली?"

मिस्त्रीला ते झोंबलं. "माझं माप चुकत नाही. ज्या हातासाठी कोरली, त्या हाताला बरोबर होती."

"कुणाचा हात?"

"जुनी गोष्ट आहे बाई. मी दोनदा म्हटलं, दुसरी मूठ करून देतो. म्हणाले, हीच दोनशे त्र्याण्णवची मूठ आहे, हिला हात लावायचा नाही." आणि पुढं कितीही खोदलं तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

मग बाईंनी सुईला आत बोलावलं. "तुझ्या वडिलांच्या अंगठ्याच्या नखात निळा रंग सापडलाय. कशाचा असेल?"

सुई आणि मिस्त्री एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी मिस्त्रीच बोलला. "नव्या पिस्तुलाच्या चापाचा स्क्रू मी निळ्या रंगानं बंद करतो. कुणी फिरवला तर कळावं म्हणून."

हत्यारांच्या लॉकरची किल्ली लॉकरलाच लोंबत होती. सुईचं पिस्तुल आपल्या जागी व्यवस्थित ठेवलेलं होतं. पण स्क्रूवरचा रंग खरवडलेला होता. मिस्त्रीनं चापाला किलोचं वजन लावलं आणि पिस्तुल हळूहळू वर उचललं. वजन जमिनीवरून सुटायच्या आतच खट्‌ झालं.

"बाद," मिस्त्री पुटपुटला.

"रविवारी निवड चाचणी आहे ना?" बाईंनी विचारलं. "तपासायला कोण बसणार होतं?"

"बाबा," सुई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. म्हणून ते खुर्चीवर बसले होते. उभ्यानं स्क्रू फिरवता येत नाही.

"म्हणजे त्या माणसानं पहाटे उठून स्वतःच्या लेकीचा गळा कापायची तयारी केली." बाईंनी रुमालाची घडी बदलली. "आणि समजा, लेक नेमकी तेव्हाच तिथं पोचली. खिशात स्वतःची लाल ठिपक्याची पुंगळी. तूच सांग पोरी, माझ्या जागी तू असतीस तर कुणाला धरलं असतंस?"

४

घरी आई खिडकीशी बसून कुणाच्या तरी कोटाची शिलाई उसवत होती. ती लोकांचे कपडे अल्टर करून द्यायची. दिवेलागण झाली तरी दिवा लावला नव्हता. शिवणाच्या सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना तिनं अर्धा श्वास सोडला, थांबली, आणि दोरा पहिल्याच खेपेला आरपार गेला. सुईनं हे लहानपणापासून हजारदा पाहिलं होतं.

"शेजारीण आली होती," आई मान वर न करता म्हणाली. "विचारत होती, मास्तरांनी असं का केलं? म्हटलं, लेकीनं हरवलं म्हणून."

"आई, पुरे."

"काय पुरे? आठ गुण कमी मारले असतेस तर हात झडले असते तुझे? बापाचं मन राखता आलं नाही तुला. चाळीस जणांसमोर नाक कापलंस."

सुईच्या ओठांवर आलं होतं: त्यांनी जीव दिलेला नाही. तेवढं एक वाक्य बोललं की हे थांबणार होतं. पण बाईंनी बजावलं होतं. आणि शिवाय तिला, खरं सांगायचं तर, आईची भीती वाटायला लागली होती. नवरा गेल्याचं दुःख माणूस असं मोजूनमापून दुसऱ्याच्या अंगावर फेकतो का? प्रत्येक शब्द बरोबर मधोमध बसत होता.

"तुझं पिस्तुल कुठं आहे?" आईनं अचानक विचारलं.

"पोलिसांकडे."

"का?"

सुईनं मान फिरवली. आईची टाचणारी बोटं थांबली. कोटावर रक्ताचा थेंब उमटला. आईला सुई टोचल्याचं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"तुझ्यावर संशय आहे त्यांचा?"

"मला काही सांगायची परवानगी नाही."

आईनं बोट तोंडात धरलं. मग म्हणाली, "रविवारच्या चाचणीला तू जायचंस."

"मी? बापाला मारून, वर चाचणीला जाऊ?"

"दुसऱ्याचं पिस्तुल माग. काकाला सांग, तो देईल मिळवून. पण जायचं." आणि तिनं पुन्हा खाली मान घातली. "जायचंच."

सुई अंधारात बघत राहिली. जिनं तीनदा तोंडावर खुनी म्हटलं, तीच आता नेम धरायला पाठवत होती.

५

तिसऱ्या दिवशी बाईंनी चौघांना चौथ्या लेनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवलेली, बाजूला रिकाम्या पुंगळ्यांचा डबा. काडतूस एकही नव्हतं. ते मिस्त्रीकडून दोनदा तपासून घेतलं होतं.

"मला जुन्या-नव्यातला फरक समजून घ्यायचाय," बाई म्हणाल्या. "प्रत्येकानं जुनं पिस्तुल उघडायचं, रिकामं आहे का पाहायचं, आणि नीट खाली ठेवायचं. बस्स."

काकानं स्लाइड ओढली, आत पाहिल्यासारखं केलं आणि तापलेलं पातेलं ठेवावं तसं ते घाईनं ठेवून दिलं. घोडा ताणलेलाच होता.

सुईची पाळी आली. बापाच्या पिस्तुलाला ती आयुष्यात पहिल्यांदा हात लावत होती. मूठ तिच्या हातात अशी बसली की तिला धक्काच बसला. जणू तिचंच माप घेऊन कोरली होती. तिनं आत पाहिलं, स्लाइड सोडली, आणि दिवसातून दोनशे वेळा करायची तेच केलं. रिकामा चाप दाबला.

"अगं ए!" मिस्त्री ओरडला. "काठ चेपेल ना!"

पण सुई मिस्त्रीकडे पाहत नव्हती. पलीकडे उभ्या असलेल्या आईनं, दाढेत कळ जावी तसे डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मिस्त्रीनं खिशातला पिवळा गट्टू घातला, घोडा उतरवला, गट्टू काढून पुन्हा खिशात टाकला.

"वहिनी, तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? पंचवीस वर्षांत हात लावला नाही मी त्या वस्तूला."

"मग राहू द्या." बाईंनी स्वतःच स्लाइड मागं ओढून सोडली आणि घोडा ताणलेलं ते पिस्तुल आईसमोर टेबलाच्या काठाशी ठेवून दिलं. जणू त्यांचं काम संपलं होतं. रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं. "तुम्ही शिवणकाम करता म्हणे. माझ्या ह्या युनिफॉर्मचा खांदा बघा ना, सारखा उसवतो. कापड वाईट की शिलाई?"

"शिलाई," आई म्हणाली. "टाका लांब घातलाय. इथं दोन पदर घ्यायला हवे होते."

"हातशिलाई टिकेल?"

"टिकेल की. दोरा मेणातून ओढून घ्यायचा." आई बोलत होती आणि तिची नजर बाईंच्या खांद्यावर होती. पण अधूनमधून ती त्या ताणलेल्या घोड्याकडे घसरत होती, चुलीवर उतू जाणाऱ्या दुधाकडे बाईमाणसाची जावी तशी. बाई बोलत राहिल्या. बाह्यांबद्दल, काजांबद्दल, कॉलरबद्दल. कुणालाच घाई नव्हती.

मग आईचा हात हलला.

सुईला ते दिसलं. चौघांत तिला एकटीलाच माहीत होतं की तो हात कुठं चाललाय आणि तिथं पोचल्यावर काय होणार आहे. हाक मारायचा अवकाश होता. 'आई' एवढं म्हटलं असतं, नुसतं खोकली असती, तरी तो हात थांबला असता. तिच्या कानात तीन दिवस एकच वाक्य घुमत होतं. जिंकलीस ना? हे घे तुझं बक्षीस.

सुईनं अर्धा श्वास सोडला आणि थांबली.

आईनं पिस्तुल उचललं. नळी टार्गेटांकडे वळवली. अंगठ्यानं स्लाइड मागं घेतली, आत पाहिलं, डब्यातून न बघता एक पुंगळी उचलून चेंबरमध्ये सरकवली, स्लाइड सोडली आणि चाप दाबला. टेबलावरची घडी सारखी करावी इतक्या सहज. करंगळी मुठीखाली लोंबकळत नव्हती. चारही बोटं जिथल्या तिथं बसली होती.

"...आणि कॉलरला आतून कॅनव्हास लावायचा," ती म्हणाली.

खट्‌.

तो आवाज तिनंही ऐकला. मग तिनं आपल्या हाताकडे पाहिलं.

६

"सांगू द्या मला," बाई म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. पुंगळी त्या संध्याकाळी चौघांच्या हाताशी होती, आणि मास्तरांच्याही. पण मास्तर मेल्यावर काही करू शकत नव्हते. सचिवांना पिस्तुल कसं ठेवतात हेच माहीत नाही. मिस्त्रींचा हात गट्टूकडे जातो. लेक नव्या पिस्तुलावर वाढली, तिच्या बोटांना पुंगळीची सवयच नाही. ज्यानं हे केलं तो जुन्या पिस्तुलावर शिकलेला असणार, आणि गट्टूच्या आधीच्या काळात. मिस्त्री, आता तरी सांगा. मूठ कुणाच्या हाताची?"

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा होता. "वहिनींच्या," तो म्हणाला. "लग्नाआधी."

काकाला बसायला खुर्ची लागली.

आईनं पिस्तुल काळजीपूर्वक खाली ठेवलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट, खूप दिवसांनी घट्ट बूट काढल्यासारखा तो सैल झाला होता.

"पहाटे दार वाजलं म्हणून मागं आले," ती म्हणाली. "पुंगळी पर्समध्ये होती. ट्रेखालून मीच उचलली होती, हरवू नये म्हणून. बघते तर हे खुर्चीवर बसून हिच्या पिस्तुलाचा स्क्रू पिळतायत. शीळ घालत होते. मला पाहूनही थांबले नाहीत. म्हणाले, 'घाबरू नकोस, तुझ्या वेळेसारखंच, कुणाला कळणार नाही.'"

"तुझ्या वेळेसारखं?" सुईनं विचारलं.

"माझ्या निवड चाचणीच्या दिवशी माझा चाप हलका निघाला. बाद झाले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मास्तर इतके गोड बोलले तेव्हा! म्हणाले, जाऊ दे, लग्न करू. सव्वीस वर्षं मला वाटत होतं की माझंच चुकलं." तिनं पिस्तुलाकडे पाहिलं. "जुनं पिस्तुल टेबलावरच होतं. एक काडतूस भरलं. एकच लागणार होतं."

"आणि मग हिचं पिस्तुल पुसून लॉकरमध्ये ठेवलंत," बाई म्हणाल्या.

"तिथंच ठेवायचं असतं ते."

सुईचा आवाज फुटला. "आणि मला खुनी म्हणालीस? तीन दिवस? सगळ्यांसमोर?"

"मग काय करणार होते?" आईनं शांतपणे विचारलं, जणू पोरीनं गणितात साधी चूक केली होती. "माणसानं जीव दिला म्हटलं की लोक कारण विचारतात. घरात तुझं जिंकणं सोडून दुसरं कारण नव्हतं. तेवढं तू सोसशील असं वाटलं. माझ्यापेक्षा घट्ट आहेस तू."

बाईंनी पिस्तुल पिशवीत घातलं. "एक गोष्ट मला समजली नाही वहिनी. माणसाचा जीव घेताना हात थरथरला नाही, आणि पिस्तुलाच्या काठाची एवढी काळजी?"

"माणूस वाईट होता," आई म्हणाली. "पिस्तुलानं माझं काय वाईट केलं होतं?"

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आईनं पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली. ती आता लागणार नव्हती. भिंतीवरच्या काचेतल्या टार्गेटसमोरून जाताना तिची पावलं रेंगाळली नाहीत. रेंगाळली ती सुईची नजर. दहाच्या वर्तुळात भोकं एकमेकांत इतकी मिसळली होती की चिंध्या झालेलं एकच मोठं भोक दिसत होतं. खाली मास्तरांचं नाव.

"आई," तिनं हाक मारली. तीच हाक, जी मघाशी मारायची होती. "हे तुझे आहेत? दोनशे त्र्याण्णव?"

आई दारात वळली.

"दोनशे पंच्याण्णव होते. नाव घालताना त्यांनी दोन कमी केले. स्वतःला शोभेल तेवढेच घेतले."

फौजदार बाईंनी तिच्या दंडाला धरलं, पण ओढलं नाही. आईनं लेकीकडे नीट पाहिलं, टार्गेट तपासणारा पाहतो तसं, एकेक भोक मोजत.

"मघाशी माझा हात तुला दिसला होता," ती म्हणाली. "तू श्वास धरलास, तोही मी पाहिला."

सुईनं मान खाली घातली.

"बरं केलंस. नेम धरल्यावर बोलायचं नसतं." आणि मग, दाराबाहेर एक पाय टाकून, "रविवारी जायचंस."